कचेरीतील कागदी भुते

ऑक्टोबर महिन्याच्या अखेरच्या दिवशी अमेरिकेतील एखाद्या मोठ्या कचेरीत कोणी अपरिचित मनुष्य सकाळी शिरला, तर आपण भलत्याच ठिकाणी आलो की काय, असा संभ्रम त्यास पडावा. दारापाशी नाक, डोळे आणि दात कोरलेला एक भोपळा पोटात दिवा घेऊन बसलेला असतो. छताला काळ्या कागदाची वटवाघळे टांगलेली असतात. हिशेबनिसाच्या मेजावर वीतभर लांबीचा कोळी, संगणकावर पांढऱ्या तंतूंची जाळी, आणि अभ्यागतांसाठी ठेवलेल्या खुर्चीत हाडांचा एक सांगाडा मोठ्या ऐटीत पायावर पाय टाकून बसलेला! एरव्ही जेथे मोठ्याने हसणेही शिष्टसंमत नाही, तेथे त्या दिवशी कारकून चेटकिणीची उंच टोपी घालून पत्रव्यवहार पाहतो, आणि वरिष्ठ अधिकारी त्यास काही म्हणत नाहीत. कारण त्यांच्याही खांद्यावर काळा झगा असतो. या सणास हॅलोवीन म्हणतात.

हा सर्व प्रकार सातासमुद्रांपलीकडचा. त्याचा विचार आपल्या शाळेच्या वार्षिक अंकात कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर सोपे आहे. आपल्या या बेळगावातील शाळेच्या बाकांवर बसून गेलेली कितीतरी मुले-मुली आज पुणे, बंगळूर, हैदराबाद येथे परदेशी कंपन्यांच्या कचेऱ्यांत नोकरी करतात, आणि तो भोपळा तेथेही येऊन पोहोचला आहे. त्यावरून घरोघर दोन प्रकारची मते ऐकू येतात. वडील मंडळी म्हणतात, 'हे परक्यांचे सोंग आपल्याला काय करायचे?' तरुण मंडळी म्हणतात, 'जगभर करतात, मग आपण का करू नये?' मला ही दोन्ही मते सारखीच आळशी वाटतात. एखादी गोष्ट परकी आहे म्हणून टाकणे काय किंवा परकी आहे म्हणून उचलणे काय, दोहोंतही त्या गोष्टीकडे पाहण्याचे श्रम वाचविलेले असतात. कचेरी कोणत्या सणासाठी सजली, हा माझ्या मते गौण प्रश्न आहे. ती कोणी सजविली, आपण होऊन सजविली की सांगितले म्हणून, आणि त्या सजावटीखाली आठ-आठ तास कोणाला बसावे लागले, हे प्रश्न खरे आहेत.

प्रथम या सणाची थोडी ओळख करून घेऊ. आयर्लंड आणि स्कॉटलंड या देशांत फार प्राचीन काळी 'साविन' नावाचा उत्सव होत असे. सुगी संपली, गुरे कुरणांतून घरी आली, आता थंडीचे लांब आणि काळोखे महिने सुरू होणार, अशा सांध्यावरचा तो उत्सव. त्या रात्री जिवंतांचे जग आणि मृतांचे जग यांमधील पडदा विरळ होतो, अशी लोकांची समजूत होती. पुढे ख्रिस्ती धर्मसंस्थेने १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा दिवस म्हणून नेमला, आणि दहाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समधील क्लूनी येथील मठाधिपती ओदिलो यांनी २ नोव्हेंबर हा सर्व मृतात्म्यांसाठी प्रार्थना करण्याचा दिवस ठरविला. संतांच्या दिवसाची पूर्वसंध्या, एवढाच 'हॅलोवीन' या शब्दाचा अर्थ आहे. गोव्यातील आमचे ख्रिस्ती शेजारी २ नोव्हेंबरला दफनभूमीत जाऊन आपल्या माणसांच्या थडग्यांवर फुले वाहतात, मेणबत्त्या लावतात. कोकणी घरांतून वाढलेल्या आम्हा मुलांना तो दिवस ठाऊक असे, परंतु त्याच्या दोन दिवस आधी जगात कोठे भोपळे कोरतात, हे मात्र पुस्तकांतूनच कळले.

आणि मूळचा दिवा भोपळ्याचा नव्हताच. आयर्लंडमध्ये सलगम नावाचा मुळ्यासारखा कंद पोखरून त्यात निखारा किंवा मेणबत्ती ठेवीत असत. जुन्या आयरिश सलगमांचे चेहरे मी छायाचित्रांतून पाहिले आहेत. ते आजच्या गुबगुबीत भोपळ्यापेक्षा कितीतरी भयंकर दिसतात. सुकत जाणाऱ्या कंदाला माणसाच्या कातडीसारख्या सुरकुत्या पडतात, हे त्याचे कारण. १८४५ पासून बटाट्याच्या पिकावर रोग पडून आयर्लंडमध्ये जो दारुण दुष्काळ झाला, त्याने लाखो लोकांना अमेरिकेच्या किनाऱ्यावर नेऊन टाकले. तेथे त्यांना भोपळा मिळाला. आकाराने मोठा, कोरण्यास मऊ. सण गेला तेथले पीक त्याने आपलेसे केले. परकेपणाची चर्चा करणाऱ्यांना येथे एक गोष्ट सांगावीशी वाटते. हा लाल भोपळा मूळचा अमेरिका खंडातला. आपल्याकडे तो कोलंबसानंतरच्या काळात आला, आणि आज त्याच्या भाजीवाचून आपले घर अडते. दसऱ्याला ज्याच्या माळा आपण दारावर आणि यंत्रांवर बांधतो, तो झेंडूही मेक्सिकोकडचाच पाहुणा आहे. मेक्सिकोत आजही मृतांच्या स्मरणाच्या दिवशी त्याच फुलांनी घरे आणि थडगी सजवितात.

पूर्वी हा सण उंबरठ्याचा होता. मुलांनी दारोदार जायचे, शेजाऱ्यांनी काही खाऊ द्यायचा. त्याबरोबर खोड्याही चालत, आणि त्या पुढे हाताबाहेर गेल्या. मिनेसोटा राज्यातील अनोका या गावी या रात्री मुले लोकांच्या गाई सोडून भररस्त्यावर हाकलीत. म्हणून गावच्या प्रमुख मंडळींनी १९२० साली मुलांसाठी मोठी मिरवणूकच काढली. मुलांच्या हातांना दुसरे काम मिळाले. खोडीला शिक्षेपेक्षा काम हे चांगले औषध आहे, हे आम्हा शिक्षकांस वेगळे सांगावे लागत नाही. त्याच सुमारास कागदाचे कारखानदारही या सणाकडे वळले होते. मॅसॅच्युसेट्स राज्यातील डेनिसन कंपनी चुण्यांचा रंगीत क्रेप कागद तयार करीत असे. तिने १९०९ साली हॅलोवीनच्या सजावटीची एक पुस्तिका काढली. घर कसे सजवावे, मेजावर काय मांडावे, कागदाची चेटकीण कशी करावी, हे सर्व तीत सचित्र सांगितलेले असे. उद्देश अर्थातच कागद खपविण्याचा होता, तरी लोकांचे हात त्यामुळे कात्रीवर बसले हेही खरे. उंबरठ्यावरचा सण अशा रीतीने दिवाणखान्यात, क्लबात आणि सभागृहात शिरला. १९५८ साली तर राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या पत्नी मेमी आयझेनहॉवर यांनी प्रत्यक्ष व्हाइट हाउसमधील भोजनगृह या सणासाठी सजविले. सांगाडे, भोपळे आणि मक्याची वाळलेली ताटे यांनी ते भव्य दालन भरून गेले होते, आणि मेजवानी होती ती तेथील कर्मचाऱ्यांच्या पत्नींसाठी! राजदूतांना बोलावून केलेल्या थाटापेक्षा मला हा थाट अधिक आवडतो.

आता कचेरीकडे वळू. कचेरीलाच सजावटीची अशी ओढ का लागावी? याचे उत्तर मला कचेरीच्या भिंतींत सापडते. १९६० नंतरच्या दशकात हर्मन मिलर या फर्निचर तयार करणाऱ्या कंपनीसाठी रॉबर्ट प्रॉप्स्ट नावाच्या कल्पक गृहस्थाने कचेरीची एक नवी रचना आखली. लांबच लांब दालनात ओळीने मेजे मांडण्याऐवजी हलविता येण्याजोग्या अर्ध्या भिंती उभ्या कराव्यात, त्या विशाल कोनांत जोडाव्यात, प्रत्येकाला आपली जागा आपल्या मनाप्रमाणे बदलता यावी, अशी त्याची योजना होती. १९६८ साली ती बाजारात आली. परंतु मालकांनी हिशेब केला तो निराळाच: या भिंती काटकोनात जोडल्या, तर तेवढ्याच जागेत कितीतरी अधिक माणसे बसतात! मनुष्याच्या स्वातंत्र्यासाठी योजिलेल्या भिंतींचे अशा प्रकारे करड्या कापडाचे चौकोनी कप्पे झाले, आणि स्वतः प्रॉप्स्टनेही उत्तरायुष्यात त्याबद्दल तीव्र नापसंती बोलून दाखविली. ज्याच्या तीन बाजूंना करडे कापड आणि चौथ्या बाजूला दुसऱ्याची पाठ आहे, अशा कप्प्यात जो मनुष्य वर्षाचे अकरा महिने बसतो, त्याने एके दिवशी त्या कापडावर नारिंगी कागदाचा चंद्र टाचला, तर त्यात हसण्यासारखे काय आहे? ही जागा माझी आहे, येथे एक मनुष्य बसतो, एवढेच त्याला सांगायचे असते. आपल्या वर्गातही वर्षारंभी भिंती कोऱ्या असतात. मुले तक्ते लावतात तेव्हा कोठे तो वर्ग त्यांचा होतो.

शिवाय अशा कामात माणसे एकमेकांना नव्याने ओळखू लागतात. जमाखर्चाच्या विभागातील अबोल गृहस्थ उत्तम चित्रे काढतात, हे शिडी धरायला गेल्यावरच कळते. म्हणून हाताने केलेल्या सजावटीचा मी पक्ष घेईन. विकतचे सामान आणून दोन घटकांत भिंती झाकून टाकण्याला मात्र मी सजावट म्हणणार नाही. अमेरिकेतील किरकोळ व्यापाऱ्यांच्या राष्ट्रीय संघटनेने २०२३ साली या सणावर १२.२ अब्ज डॉलर खर्च होतील असा अंदाज केला होता. त्यात खाऊ, पोशाख, सजावट सारेच आले. तरी एवढ्या रकमेतून कचऱ्याच्या पेटीत जाणारे प्लास्टिक किती असेल, याची कल्पना कोणालाही करता येईल.

परंतु खरी अडचण येथून पुढे आहे. कचेरी हे घर नव्हे. घरी भोपळा ठेवावा की न ठेवावा, हे घरचे लोक ठरवितात. कचेरीत मात्र वरिष्ठांनी हसत हसत 'सर्वांनी भाग घ्यावा, सक्ती मुळीच नाही' असे म्हटले, की त्या हसण्यातच सक्ती असते. नव्याने नोकरीस लागलेला, परीक्षाकाळ न संपलेला तरुण 'नाही' म्हणेल काय? त्यातच विभागा-विभागांची स्पर्धा लावून बक्षीस ठेवले, की भाग न घेणारा मनुष्य एकटा पडतो; एवढेच नव्हे, तर आपल्या विभागाचे बक्षीस घालविणारा ठरतो. मग तो पहिल्या पगारातून वर्गणी देतो. अमेरिकेतही सर्वांना हा सण मान्य नाही. 'यहोवाचे साक्षीदार' या पंथाचे लोक तो पाळीत नाहीत. इतरही काही श्रद्धाळू ख्रिस्ती कुटुंबे त्यापासून दूर राहतात. १९६४ च्या नागरी हक्कांच्या कायद्याने तेथे नोकरीत धर्मावरून भेद करण्यास मनाई केली आहे. त्यामुळे सुज्ञ मालक अशा माणसांना न बोलता मोकळे ठेवतात. 'न बोलता' हा शब्द मी मुद्दाम वापरला. चारचौघांत कारण विचारून दिलेली मोकळीक ही मोकळीक नसते.

याहून नाजूक एक गोष्ट आहे. माझी एक जुनी विद्यार्थिनी बंगळूरला एका कचेरीत काम करते. शाळेत असताना आकाशकंदील करण्यात तिचा हात धरणारे कोणी नव्हते. तिच्या कचेरीत हॅलोवीनची सजावट ठरली, तेव्हा दोन संध्याकाळी थांबून तिनेच काळ्या कागदाची वटवाघळे कापली. तिसऱ्या दिवशी कोणा विनोदी सहकाऱ्याने पुठ्ठ्याची थडगी करून प्रत्येकाच्या कप्प्यावर त्याच्या त्याच्या नावाचे एकेक थडगे लावले. खाली 'चिरशांती लाभो' अशा अर्थाचे इंग्रजी शब्द. सर्वजण हसले. तिचे वडील जाऊन तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते, आणि त्या पाटीवर नावापुढे आडनाव होते, म्हणजे वडिलांचेच. सुटीत भेटली तेव्हा ती मला म्हणाली, “बाई, वटवाघळं मीच कापली होती. सगळं आवडलंही होतं. पण त्या पाटीखाली मला बसवेना.”

ही तक्रार परक्या सणाविषयीची नव्हती, हे ध्यानात घ्यावे. तिला चेटकीण चालत होती, कोळी चालत होता. आपल्या घरचे दुःख कोणाच्या थट्टेचा विषय झालेले चालत नव्हते. भय आणि शोक या दोन भिन्न गोष्टी आहेत. भयाला हसता येते, किंबहुना हसावेच. अंधाराला भिणाऱ्या मुलाच्या हाती कोरलेला दिवा देणे, यात मोठे शहाणपण आहे. शोकाला दुसऱ्याने हसायचे नसते. कचेरीतील पन्नास माणसांत एखादे तरी घर असे असते, की जेथे नुकतेच कोणी गेले आहे किंवा कोणी रुग्णालयात पडून आहे, आणि ते घर कोणते, हे सजविणाऱ्याला बहुधा ठाऊक नसते. म्हणून माझे मत असे की, कचेरीत भोपळे असावेत, वटवाघळे असावीत, वाटल्यास तो ऐटबाज सांगाडाही असावा. परंतु थडगी, तिरडी, फास, रक्ताचे डाग आणि जिवंत माणसांची नावे घातलेल्या मृत्यूच्या पाट्या असू नयेत. याने सणाची मौज कमी होईल, असे म्हणणाऱ्यांनी आपली मौज कशात आहे, हे एकदा तपासून पाहावे. त्या मुलीने दुसऱ्या दिवशी सहकाऱ्याला बाजूला घेऊन सांगितले. तो बिचारा ओशाळला. दुपारपर्यंत त्याने साऱ्याच पाट्या उतरविल्या. तिने सांगितले हे तिने बरे केले. पण तिच्यासारखीच न सांगता बसून राहणारी किती असतील?

सुरक्षिततेची बाब थोडक्यात सांगतो, कारण तीत मतभेदाला जागा नाही. अमेरिकेत कामगारांच्या सुरक्षिततेचा जो कायदा १९७० साली झाला, त्याखालील नियमांत सजावटीचा स्पष्ट उल्लेख आहे: बाहेर पडण्याचे दार झाकून जाईल अशी सजावट त्यावर करू नये, आणि बाहेर जाण्याच्या वाटेत चटकन पेट घेणाऱ्या शोभेच्या वस्तू ठेवू नयेत. कागद, वाळलेला मका आणि मेणबत्ती यांची मैत्री किती घातक, हे सांगावयास नको. भोपळ्यात विजेचा छोटा दिवा ठेवावा.

आता पुन्हा परकेपणाच्या मुद्द्याकडे येतो, कारण वडील मंडळींचे त्याने समाधान झालेले नसेल. आपल्या या भागात खंडेनवमीला, म्हणजे आयुधपूजेला, कचेऱ्या आणि कारखाने सजतातच. यंत्रांना झेंडूच्या माळा घालतात, कोहळ्याला कुंकू लावून तो दारात फोडतात. नव्याने बांधल्या जाणाऱ्या इमारतींवर दृष्ट लागू नये म्हणून मिशाळ राक्षसाचा मुखवटा किंवा डोळे रंगविलेला कोहळा टांगलेला आपण रोज पाहतो. कामाच्या जागी फळाला भयानक तोंड देऊन ते दारात ठेवणे, ही कल्पना आयर्लंडचीच आहे असे मग कसे म्हणावे? गोव्यात तर नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री गावोगावची मुले कागदाचे आणि गवताचे अजस्र नरकासुर उभे करतात आणि पहाटे जाळतात. २०२४ साली नरकचतुर्दशी ३१ ऑक्टोबरलाच आली होती. एकाच दिवशी इकडे नरकासुर जळाला आणि तिकडे भोपळ्यात दिवा लागला.

मात्र जी कसोटी मी त्यांच्या सणाला लावली, तीच आपल्या सणाला लावण्याची तयारी हवी. खंडेनवमीच्या पूजेला वर्गणी न देणाऱ्याकडे आपण कसे पाहतो? ज्याला त्या पूजेत भाग घ्यावयाचा नाही, त्या परधर्मीय सहकाऱ्याला आपण न बोलता मोकळे ठेवतो काय? नरकासुराच्या स्पर्धेत रात्रभर कर्कश संगीत लावताना शेजारच्या घरी कोण आजारी आहे, याची चौकशी किती मंडळे करतात? विद्यार्थिमित्रांनो, उद्या तुम्ही ज्या कचेरीत जाल, तेथे भोपळा असेल किंवा कोहळा असेल; सजविण्याचे काम तुमच्याकडे आले, तर प्रथम शेजारच्या चार मेजांवर कोण बसते, हे पाहून या आणि मग कात्री हाती घ्या.

एक गोष्ट राहिली. वर्षभर ज्या स्त्रिया कचेरीच्या कोपऱ्यांतील जळमटे काढतात, त्यांच्याच डोळ्यांदेखत ३१ ऑक्टोबरला पैसे देऊन आणलेली जळमटे त्याच कोपऱ्यांत लावली जातात, आणि १ नोव्हेंबरला ती काढण्याचे काम पुन्हा त्यांच्याकडेच येते. ते कृत्रिम तंतू गालिच्याला आणि खुर्च्यांच्या कापडाला असे चिकटतात, की खऱ्या कोळ्याचे जाळे त्यापुढे काहीच नव्हे. ज्यांनी टांगले त्यांनीच ते उतरवावे. सहा माणसे आणि एक शिडी असली की अर्ध्या तासाचे काम आहे. खाऊच्या वाटपात या स्त्रियांचा वाटा आधी काढून ठेवावा, मागाहून उरलेला नव्हे. आणि शोभेसाठी आणलेल्या भोपळ्यांपैकी एखादा न कोरलेला राहिला असेल, तर तो त्यांच्यापैकी कोणाला घरी न्यावयाचा आहे काय, हे विचारावे. त्याचे घारगे फार उत्तम होतात.